चांदणी चौकात उतरू नकोस

बावधन, पुणे,
३ सप्टेंबर २०२३

प्रिय विज्या,

गणपतीला येतोयस हे वाचून घरात सगळ्यांना आनंद झाला. पण 'चांदणी चौकात उतरून फोन करतो' असं लिहिलंयस, म्हणून हे पत्र. आपण उतरायचो तो चौक आता राहिला नाही.

तुला जुना पूल आठवत असेल. कोथरूड, बावधन, मुळशी, एनडीए, सगळीकडची वाहतूक त्या एका अरुंद पुलावरून, आणि खालून मुंबई-बंगळुरू महामार्ग. पुलाखाली आला की महामार्गही चिंचोळा व्हायचा. बाबांना दवाखान्यात नेताना ॲम्ब्युलन्स तिथे चाळीस मिनिटं अडकली होती. सायरन वाजत होता, पण पुढच्या ट्रकला सरकायला जागाच नव्हती. त्या दिवसापासून तो पूल माझ्या डोळ्यांत खुपायचा.

गेल्या ऑगस्टमध्ये मुख्यमंत्री शिंदे स्वतः त्या कोंडीत सापडले आणि चक्रं फिरली. २ ऑक्टोबर २०२२ ला पहाटे एक वाजता, ६०० किलो स्फोटकं लावून पूल उडवला. आम्ही गच्चीवर जागेच होतो. दणका बसला, खिडक्या थरथरल्या. पण धूळ बसल्यावर कळलं, पूल पुरता पडलाच नव्हता! काँक्रीट निखळलं, आतल्या सळ्या तशाच राहिल्या. उरलेलं काम मशिनींनी केलं. नोएडाचे जुळे मनोरे पाडणाऱ्या कंपनीलाही त्या लोखंडाचा अंदाज आला नव्हता. इतकं पोलाद घालणाऱ्या त्या जुन्या कारागिरांबद्दल मला त्या रात्री खरंच आदर वाटला.

यंदा १२ ऑगस्टला गडकरींच्या हस्ते नवा पूल सुरू झाला. गाड्या सुसाट जातात, आणि ॲम्ब्युलन्स जाताना दिसली की मला बरं वाटतं. रॅम्प मात्र इतके, की पाटी वाचेपर्यंत फाटा मागे पडतो.

सल वेगळाच आहे. पायी माणसाचा विचार कुणी केलाच नाही. परवा एक आजी डोक्यावर गाठोडं घेऊन दुभाजकापाशी उभ्या होत्या. गाड्या थांबेनात. मी हात धरून पलीकडे नेलं, तर त्यांचा हात थंडगार पडला होता. पादचारी पूल व्हायलाच हवा. आमच्या सोसायटीतून आम्ही सह्या गोळा करतोय.

तेव्हा तू वारज्यालाच उतर, मी गाडी घेऊन येतो. काकूंना नमस्कार सांग. कंदी पेढे विसरू नकोस.

तुझा,
सुहास