फ्रेंच व्याकरण इंग्रजीतून शिकू नकोस

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचून हसूच आलं. टेबल बाई आणि पुस्तक पुरुष, हे कुणाच्या डोक्यातून निघालं म्हणे! अरे, आपल्याकडे खुर्ची 'ती' आणि टेबल 'ते' का, हे तरी तुला कधी कुणी समजावून दिलं होतं का? फ्रेंचमध्ये मीही अजून रांगतोच आहे, पण एवढं नक्की सांगतो: तू हे व्याकरण इंग्रजीतून समजून घेतो आहेस, घोळ तिथेच आहे. मराठीतून घे.

फ्रेंचमध्ये नपुंसकलिंग नाही, त्यामुळे आपली 'ते'वाली मंडळी तिथे कुठल्या तरी एका बाजूला जाऊन बसतात. घर, म्हणजे ला मेझों, स्त्रीलिंगी. पुस्तक, ल लीव्र, पुल्लिंगी. चंद्रसुद्धा 'ती'! तर्क शोधत बसू नकोस. शब्द कधी एकटा पाठ करू नकोस, पुढे लागणाऱ्या ल (पुल्लिंगी) किंवा ला (स्त्रीलिंगी) सकटच कर. स्वराने सुरू होणाऱ्या शब्दांपुढे मात्र दोन्ही आखडून नुसता 'ल्' उरतो आणि लिंग लपतं: लेकोल (शाळा), लार्ब्र (झाड). असे शब्द 'एक' लावून घोक: यून एकोल, अँ नार्ब्र. शाळा स्त्रीलिंगी, झाड पुल्लिंगी, हे लगेच कानाला कळतं.

आता तुझी दुसरी तक्रार, 'माझा'ची तीन रूपं. मों पेर, मा मेर, मे झामी. माझे वडील, माझी आई, माझे मित्र. यात अवघड काय आहे? आपणही वस्तूचंच लिंग-वचन बघतो. फरक इतकाच की 'सा मेर' म्हणजे त्याची आई की तिची, हे फ्रेंच सांगत नाही. मराठी दोन्ही सांगते.

खरी मजा भूतकाळात आहे. तिथे दोन साहाय्यक क्रियापदं लागतात, एत्र (असणं) आणि आव्वार (जवळ असणं). जाणं, येणं, जन्मणं, मरणं अशा मोजक्या क्रियापदांना एत्र लागतं आणि रूप कर्त्याप्रमाणे बदलतं: तो मेला, इल ए मोर, ती मेली, एल ए मोर्त. बहुतेक बाकीच्यांना आव्वार लागतं, तिथे रूप कर्त्याकडे बघतच नाही. 'जे एक्री ला लेत्र', मी पत्र लिहिलं. पण कर्म क्रियापदाच्या आधी आलं की रूप कर्माप्रमाणे बदलतं: 'ला लेत्र क जे एक्रीत', मी लिहिलेलं पत्र. लेत्र स्त्रीलिंगी, म्हणून एक्रीचं एक्रीत झालं. इंग्रजीतून येणारे इथे डोकं धरतात. 'मी कविता लिहिली, मी लेख लिहिला' म्हणणाऱ्याला यात नवल वाटायला नको. फक्त आपण कर्म पुढे असो की मागे, बघत नाही, ते बघतात.

कर्म सर्वनाम असेल तर शब्दांचा क्रमही मराठीसारखाच. 'ज ल व्वा': मी, त्याला, बघतो. कर्म आधी, क्रियापद शेवटी. नाम असेल तर मात्र ते क्रियापदानंतर जातं.

उच्चाराला घाबरू नकोस. बोलणं या क्रियापदाची मी, तू, तो आणि ते (अनेकवचनी) यांची रूपं लिहायला तीन तऱ्हांची असली (मी आणि तो यांचं एकच), तरी कानाला चारही 'पार्ल'च. 'ते'च्या रूपाला शेवटी ई, एन, टी ही अक्षरं येतात आणि एकही उच्चारलं जात नाही. हा लिहिण्यातला जाच आहे, बोलण्यातला नव्हे.

आकड्यांवर रागावलास ते मात्र रास्त. नव्व्याण्णव म्हणजे चार-वीस-दहा-नऊ, याला काय म्हणावं! बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये नव्वदाला 'नोनांत' असा सरळ शब्द आहे. पण एकोणऐंशी म्हणणाऱ्या आपण फार बोलू नये.

आधी एत्र आणि आव्वारची वर्तमानकाळातली रूपं पक्की कर. मग मला चार ओळी फ्रेंचमध्ये लिही. आणि हो, मला 'त्यु' म्हण. 'वू' म्हणजे आपलं 'तुम्ही'. ते म्हणालास तर उत्तर मिळणार नाही.

तुझाच