मोंतोनेवासीयांस आभारपत्र

इटलीच्या उंब्रिया प्रांतातील मोंतोने गावचे नगरपालिका पदाधिकारी, हे स्मारक उभे करण्यासाठी झटलेले इटालियन युद्धेतिहासाचे अभ्यासक आणि समस्त ग्रामस्थ यांस,

सप्रेम नमस्कार.

जुलै २०२३ मध्ये आपण भारतीय सैनिक नाईक (हा लष्करातला हुद्दा) यशवंत घाडगे यांच्या नावे आपल्या गावात छायाघड्याळाचे स्मारक उभारलेत, त्याबद्दल मनापासून आभार मानावेत म्हणून हे पत्र लिहीत आहे. उशीर झाला आहे, पण न लिहिता राहणे मला बरे वाटेना.

रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचा हा तरुण दुसऱ्या महायुद्धात, १० जुलै १९४४ रोजी, इटलीतल्या टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडला, तेव्हा तो अवघ्या २२ वर्षांचा होता. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधील त्याच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि तुकडीतला प्रत्येक जण ठार किंवा जखमी झाला. एकटा तोच उभा राहिला. त्याने धावत जाऊन हातबॉम्ब टाकला आणि ती मशीनगन चालवणाऱ्यासह बंद पाडली, तिथल्या एकावर गोळ्या झाडल्या आणि काडतुसांची पेटी बदलायला वेळ नाही म्हणताना बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने लोळवले. ते ठाणे त्याने घेतले, पण दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत व पाठीत लागून तो तिथेच कोसळला. व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान त्याला मरणोत्तर मिळाला. कबर मात्र मिळाली नाही.

माझ्या कृतज्ञतेचे खरे कारण हेच आहे. ज्यांची कबर ठाऊक नाही अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे कासिनोच्या स्मारकावर कोरलेली आहेत, आणि घाडग्यांचे नाव त्यांतले एक आहे. ते स्मारक भव्य आहे, त्याची निगाही उत्तम राखली जाते. पण ते आपल्या डोंगरांपासून पुष्कळ दूर दक्षिणेकडे आहे. माणगावात त्यांचा पुतळा आहे, तो त्यांच्या जन्मभूमीत आहे. ज्या मातीत ते पडले, त्या मातीच्या शेजारी त्यांच्या नावाची खूण नव्हती, ती आपण दिलीत. दूर देशी गेलेला मुलगा नेमका कुठे राहिला, हे घरच्यांना दाखवता येणे ही लहान गोष्ट नव्हे.

महायुद्धातल्या इटलीच्या त्या मोहिमेत ५,७८२ भारतीय सैनिक कामी आले आणि तिथे दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी ६ भारतीयांना मिळाले. तरीही आमच्याकडे या माणसांची आठवण जरा संकोचानेच काढली जाते, असे मला वाटते. कारण देश तेव्हा स्वतंत्र नव्हता आणि ते ज्या सरकारच्या गणवेशात लढले ते सरकार आमचे नव्हते. तो संकोच मी समजू शकतो, पण त्यापायी या मुलांना विसरणे मला कधीच पटले नाही. ज्यांच्या भूमीवर ते युद्ध झाले त्या आपण लोकांनी जवळजवळ ८० वर्षांनी आपण होऊन त्यांतल्या एकाचे नाव घेतलेत, तेव्हा आमच्या विस्मृतीची मला लाज वाटली आणि आपल्याबद्दलचा आदर वाढला.

दगडी चौथरा किंवा स्तंभ न निवडता आपण छायाघड्याळ निवडलेत, हेही फार आवडले. 'आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो' या अर्थाचे त्यावरचे लॅटिन वचन वाचल्यावर मी सहज हिशेब केला: आपल्याकडे सावली मध्यान्हीच्या रेषेवर येते, तेव्हा माणगावात सूर्य चार तास पुढे, म्हणजे पश्चिमेकडे बराच कललेला असतो. ऊन तेच, फक्त तिथून आपल्याकडे चार तासांनी पोहोचलेले.

एक विनंती आहे. १० जुलैच्या दुपारी त्या स्मारकापाशी कुणी थांबलेच, तर त्यांचे नाव एकदा मोठ्याने उच्चारावे. 'घाडगे'मधला 'घ' आपल्या भाषेत नाही, म्हणून तो जमला नाही तरी काही बिघडत नाही. 'यशवंत' एवढे म्हटले तरी पुरे.

कळावे, लोभ असावा.

आपला कृतज्ञ,
एक मराठी वाचक