साहेब, पिस्तुलाला खाचच नाही

माननीय गृहमंत्रीसाहेब यांना सविनय नमस्कार.

मी निवृत्त सहायक फौजदार. एकतीस वर्षांच्या नोकरीतली बावीस वर्षं जिल्ह्याच्या कोतात, म्हणजे पोलिसांच्या शस्त्रागारात, आर्मरर (शस्त्रं सांभाळणारा, दुरुस्त करणारा) म्हणून काढली. जिल्ह्याचं नाव लिहीत नाही, कारण माझी मुलगी खात्यात पीएसआय आहे आणि तिचा बदलीचा विनंती अर्ज आधीच कुठल्या तरी टेबलावर पडून आहे. त्यावर आणखी एक वजन ठेवायची माझी इच्छा नाही. आपला वेळ मोलाचा आहे याची जाणीव आहे. विषय कोतात कुलपात पडून असलेल्या पिस्तुलाच्या दिव्यांचा आहे, शक्य तेवढं थोडक्यात लिहितो.

यंदाच्या दिव्याच्या अवसेला आमच्याकडे नेहमीसारखे चौरंगावर दिवे मांडले होते. समई, निरांजनं, आईच्या वेळचा काच फुटलेला कंदील. बायकोने कणकेचे गोड दिवे उकडले आणि लेकीचं ताट झाकून ठेवलं. लेक रात्रगस्तीला होती. ताट झाकलेलंच राहिलं. पहाटे तीनला तालुक्याच्या दवाखान्यातून फोन आला.

शेतातली डीपी फोडून तांब्याची तार काढणारे चोर ओढ्यापलीकडे आहेत अशी खबर होती. डीपी बंद पाडलेली, म्हणजे शिवारात एक दिवा नाही. वर अमावास्या आणि पाऊस. सोबत एक शिपाई आणि एक होमगार्ड. लेकीच्या उजव्या हातात सरकारी पिस्तूल आणि डाव्या हातात स्वतःच्या पैशाचा मोबाईल, त्याची टॉर्च लावलेली. मोबाईलच्या टॉर्चने पावसात काय दिसतं ते कधी पाहिलंत? समोरच्या पावसाच्या धारा दिसतात आणि स्वतःचा रेनकोट दिसतो. पलीकडच्या माणसाला मात्र तुम्ही कुठे उभे आहात ते नीट दिसतं. त्याने त्या उजेडाच्या रोखाने पाना फेकला. डावं मनगट मोडलं, मोबाईल ओढ्यात गेला.

मग काळोख. आणि त्या काळोखात डावीकडून कुणीतरी धावत तिच्या अंगावर आलं. तिने दोनदा "थांब" म्हटलं, पावसात ते पोचलं नाही. बोट ट्रिगरवर गेलं होतं, असं तिने मला सांगितलं, आईला नाही. तेवढ्यात समोरचा खोकला. आमच्या होमगार्डचा तंबाखूचा खोकला, अख्ख्या ठाण्याला पाठ असलेला. तिने बोट काढलं.

साहेब, त्या रात्री एक माणूस त्याच्या खोकल्यामुळे वाचला. खात्याच्या कुठल्याही योजनेमुळे नाही.

लेकीला प्लास्टर घालून आठ दिवस झाले नाहीत तोच कारणे दाखवा नोटीस आली. शस्त्र उपसलेलं असताना खासगी भ्रमणध्वनी हातात का होता, याचा तीन दिवसांत खुलासा करावा. खुलासा मीच लिहून देणार होतो: "सरकारी दिवा कोतात कुलपात असल्यामुळे." लेकीने लिहू दिला नाही. म्हणून इथे लिहितो.

होय, दिवे आहेत. पिस्तुलाच्या नळीखाली बसवायचे, वेपन लाईट म्हणतात ते. माझ्या निवृत्तीच्या दीड वर्ष आधी ते आले. कुणी २०० म्हणतं, कुणी २४०. मी खोकी मोजली ती आठ, आणि उघडलेल्या एका खोक्यात २५ होते. एका दिव्याची किंमत साडेसतरा हजार पडली असं लेखाशाखेच्या शिपायाकडून कळलं. बिल मी पाहिलेलं नाही. तरी गुणाकार मला येतो, पस्तीस लाख होतात. परेड ग्राउंडवर मंडप घालून लोकार्पण झालं. तेव्हाच्या मंत्रीमहोदयांनी भर दुपारी बारा वाजता दिवा लावून दाखवला, टाळ्या झाल्या, तीन महिन्यांत होल्स्टर आणि प्रशिक्षण देण्याचं जाहीर झालं. तो फोटो अजूनही मुख्यालयाच्या जिन्यात आहे. नीट बघा. फोटोत दिवा आहे, पिस्तूल नाही.

कारण तो दिवा आमच्या पिस्तुलावर बसतच नाही.

आमच्या कोतात होतं ते ९ एमएम ऑटो, इशापूरच्या कारखान्यातलं. मूळ घडण १९३५ च्या ब्राउनिंग हाय-पॉवरची. तेरा राउंडचं मॅगझीन, दणकट चीज, मी त्याला नावं ठेवणार नाही. शेकडो वेळा खोलून, नळीत चिंधी-पुलथ्रू (नळी साफ करायची दोरी) मारून, तेल लावून परत जोडलंय. पण त्याच्या नळीखाली रेल नाही, दिव्याचा आकडा अडकवायची खाच नाही. ती पद्धत रुळली फार नंतर. अमेरिकी लष्कराने पिकाटिनी नावाच्या खाचांच्या रेलचं माप ठरवलं ते १९९५ मध्ये. ग्लॉक पिस्तुलालासुद्धा पहिल्या दोन पिढ्यांत खाच नव्हती, तिसऱ्या पिढीत आली, आणि तीही पिकाटिनीच्या तंतोतंत मापाची नव्हे. म्हणून चांगल्या दिव्यासोबत दोन-तीन मापांच्या पट्ट्या येतात, ज्या पिस्तुलाला जी बसेल ती लावायची. आमच्या खोक्यांतही त्या पट्ट्या होत्या. सगळ्या लावून पाहिल्या. १९३५ च्या घडणीला लागेल अशी पट्टी कुणी बनवलेली नाही.

खरेदीआधी कोतात येऊन कुणी एक पिस्तूल हातात घेतलं असतं तर हे अर्ध्या मिनिटात कळलं असतं. मी तर चहासुद्धा पाजला असता.

मी गप्प बसलो नाही. दीड पानी टिपण लिहून वर पाठवलं. दिवा निवडताना आधी पिस्तूल बघायचं, मग होल्स्टर, मग बटण, आणि उजेड किती ते सगळ्यात शेवटी, असं त्यात लिहिलं होतं. आमच्याकडे उलटं झालं. निविदेत उजेडाचा आकडा तेवढा ठळक, १,००० ल्यूमेन. का, तर आकडा मोठा दिसतो. ल्यूमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण उजेड. तो एका रोखाने किती जोरात जातो ते कँडेला सांगतं. स्ट्रीमलाईट कंपनीचा टीएलआर-१ एचएल दिवा १,००० ल्यूमेनचा आणि २०,००० कँडेलाचा आहे. शुअरफायरचा एक्स-३०० टर्बो ६५० ल्यूमेनचाच, पण ६६,००० कँडेलाचा. वीस मीटरवरच्या माणसावर पहिल्याचा ५० लक्स (अंगावर पडणाऱ्या उजेडाचं माप) उजेड पडतो, दुसऱ्याचा १६५. ओढ्यापलीकडे बघायला दुसरा बरा. चुन्याने रंगवलेल्या दहा बाय दहाच्या खोलीत मात्र पहिलाच बरा, कारण तिथे नुसता झोत नको, कोपरेही उजळायला हवेत. तसा एवढा उजेड पांढऱ्या भिंतीवरून उलटला की आपलेच डोळे दिपतात, म्हणून खोलीत दिवा थोडा खाली धरायला शिकवावं लागतं. शिकवणार कोण?

सेलचीही तीच गत. हे दिवे सीआर १२३ नावाच्या लिथियम सेलवर चालतात, दोन सेल लागतात आणि पूर्ण उजेडावर जेमतेम दीड तास टिकतात. आमच्या तालुक्याच्या बाजारात पेन्सिल सेल मिळतात, घड्याळाचे मिळतात, हे मी तरी कधी पाहिले नाहीत. आणि दिवा लावलेलं पिस्तूल जुन्या चामडी होल्स्टरमध्ये शिरत नाही. त्याच पिस्तुलाच्या आणि त्याच दिव्याच्या मापाचं होल्स्टर लागतं. नाहीतर दिवा एका खिशात, पिस्तूल कमरेला, आणि चोराला सांगायचं, बाबा रे, जरा थांब, जोडून घेतो.

टिपणाच्या शेवटी जे लिहिलं होतं ते सगळ्यात महत्त्वाचं होतं, म्हणून ते कुणी वाचलं नसावं. पिस्तुलावरचा दिवा जिकडे जातो तिकडे नळी जाते. त्या दिव्याने वाट शोधायची नसते, गाडीचे कागद वाचायचे नसतात, झोपडीतल्या म्हातारीच्या तोंडावर उजेड मारायचा नसतो. त्यासाठी हातबॅटरी वेगळी हवी. गोळी घालायची वेळ येईल असं खरोखर वाटेल तेव्हाच समोर कोण आहे ते ओळखायला हा दिवा. बटणही असं हवं की ट्रिगरचं बोट तिकडे जाण्याचं कारणच पडू नये. २०१० मध्ये टेक्सासमधल्या प्लानो शहरात एक पोलीस दिव्याचं बटण दाबायला गेला आणि ट्रिगर दाबला गेला. समोरचा माणूस मेला. त्या दिव्याचं बटण मुठीवर, ट्रिगर गार्डच्या खाली होतं. हे मी एवढ्यासाठी लिहिलं होतं की आमच्याकडे एक हुशार सूचना आली होती, रेल नसेल तर ट्रिगर गार्डलाच क्लॅम्प आवळून दिवे बसवा आणि खोकी रिकामी दाखवा. मी सही केली नाही.

त्या न केलेल्या सहीची किंमत मी मोजली. "तुम्ही आर्मरर आहात, खरेदी समिती नाही" हे वाक्य माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान असलेल्या साहेबाने सगळ्या स्टाफसमोर ऐकवलं. त्यानंतर निवृत्तीपर्यंत मला कोतातून काढून बंदोबस्ताला उभं केलं. गुडघ्याच्या वाट्या झिजलेला माणूस, गणपतीत अकरा दिवस चौकात. फायरिंग रेंजवर कानात कापसाचे बोळे घालून बावीस वर्षं काढली, डावा कान गेला. कानाच्या यंत्राचं वैद्यकीय बिल सतरा महिने फिरतंय. आधी डॉक्टरचा शिक्का अस्पष्ट, मग मूळ पावती हरवली (त्यांच्याकडून), आता म्हणतात, यंत्र यादीत आहे का ते बघावं लागेल. आता तुमच्या कार्यालयात फोन लावला तर पलीकडून काय सांगतात ते नीट ऐकू येत नाही. एका अर्थाने बरंच आहे.

तुम्ही म्हणाल, सहायक फौजदार आपलंच रडगाणं गातोय. गातोच आहे. एकतीस वर्षं "जी सर" म्हटल्यावर निवृत्तीनंतर माणूस दुसरं काय गाणार?

पण ही एकट्या दिव्यांची गोष्ट नाही. आपल्याकडे वस्तू विकत घेतली की काम झालं असं मानतात. गाडी येते, चालकाचं पद रिक्त. कॅमेरे लागतात, रेकॉर्डिंग बघायला गेलं की हार्ड डिस्क भरलेली. जो सर्वांत स्वस्त देईल त्याचं घ्या, आणि जो वापरणार आहे त्याला सोडून सगळ्यांना विचारा. वस्तू साठा नोंदवहीत चढली की ऑडिटवाल्याचं समाधान होतं. तो विचारतो, दिवे किती? दोनशे. आहेत का? आहेत. लागतात का, हा रकानाच नोंदवहीत नाही.

२६/११ नंतर आम्हाला वाटलं होतं, आता तरी बदलेल. गिरगाव चौपाटीला तुकाराम ओंबळेसाहेबांनी लाठीच्या बळावर एके-४७ ची नळी छातीशी धरली. मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत करकरेसाहेब, कामटेसाहेब, साळसकरसाहेब गेले. चौकशीला राम प्रधान समिती बसली, फोर्स वन हे कमांडो पथक उभं राहिलं. चांगलं झालं, मुंबईला हवंच होतं. पण तालुक्याच्या ठाण्यातला माणूस रात्री बाहेर पडतो तेव्हा त्याच्यासाठी काय बदललं? लाठीच्या जोडीला मोबाईलची टॉर्च आली. तीही त्याच्याच पगारातून, हप्त्याने.

आमच्या बोधचिन्हावर "सद्रक्षणाय खलनिग्रहणाय" लिहिलेलं असतं. सत् कोण आणि खल कोण हे ओळखायला आधी उजेड लागतो, एवढं साधं आहे.

नवीन काही मागत नाही. जिथे रेल असलेली पिस्तुलं आहेत तिथे ही खोकी पाठवा, तिथला आर्मरर दिवा बसवून, रेंजवर पन्नास राउंड काढून, दिवा हलतो का, काच काजळते का ते बघेल, मग वाटप करा. आमच्यासारख्या जुन्या पिस्तुलांच्या जिल्ह्यांना हातबॅटऱ्या द्या, मनगटाला दोरी असलेल्या, मागच्या बाजूला अंगठ्याचं बटण असलेल्या. बाराशे रुपयांत बरी मिळते. त्याच पस्तीस लाखांत २,९०० आल्या असत्या, जिल्ह्यातल्या शिपायांना पुरून होमगार्डांनाही मिळाल्या असत्या. मनगटावर मनगट टेकवून एका हातात बॅटरी, दुसऱ्यात पिस्तूल कसं धरायचं ते मी फुकट शिकवायला येतो. गुडघे दुखतात, पण हात शाबूत आहेत. आणि लेकीची ती नोटीस मागे घ्या. हे मात्र विनंती म्हणून लिहीत नाही.

लेकीचं प्लास्टर येत्या सोमवारी निघेल. पुढच्या आठवड्याच्या गस्तीच्या यादीत तिचं नाव आत्ताच लागलंय. मी पेन्शनमधून दोन बॅटऱ्या आणल्या आहेत, एक तिला आणि एक त्या होमगार्डला.

कळावे,
एक निवृत्त सहायक फौजदार (आर्मरर)

ता.क. दिवे आणखी काही वर्षं पडूनच ठेवायचे असतील तर निदान त्यातले सेल काढून वेगळे ठेवायला सांगा. उघडलेल्या खोक्यातल्या पंचवीस दिव्यांत मी स्वतः सेल घालून पाहिले होते, आणि मला कोतातून काढलं तेव्हा ते तसेच आत राहिले. किल्ली कोत हवालदाराकडे असते, तिसरं कपाट, खालचा कप्पा.