निखाऱ्यांवर पडलेलं रक्त

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

तू दिलेली ‘डायव्हर्जंट’ वाचून झाली. व्हेरॉनिका रॉथची ही कादंबरी २०११ साली आली, पण माझ्या हातात पडली ती तुझ्यामुळे.

मला त्या घरातला आरसा फार लागला. नायिका बीट्रिसच्या निःस्वार्थी लोकांच्या वस्तीत तो सरकत्या फळीमागे दडवलेला. तीन महिन्यांतून एकदा आई केस कापते, तेवढंच तिनं त्यात बघायचं. स्वतःकडे बघणं हाच जिथे दोष, तिथे सोळा वर्षांच्या पोरीनं ‘मी कोण’ हे विचारायचं तरी कुणाला? आणि तिथला समाज पाच गटांत वाटलेला, त्यातला एक याच वयात जन्मभरासाठी निवडायचा! रक्ताच्या नात्याहूनही गट मोठा, अशी तिथली शिकवण. आई म्हणून ती वाचताना मला राग आला.

कुठला गट जुळतो ते बघणाऱ्या चाचणीत ती एका गटात बसत नाही, आणि हे कुणाला कळू द्यायचं नाही असं तिला बजावलं जातं. तुमच्या वयात असंच चालतं बघ. हुशार की खेळाडू, अबोल की बोलकी, एकदा काय ते ठरवा म्हणजे लोक मोकळे. मी तुझ्यामागे तसला लकडा लावणार नाही.

निवडीच्या वेळी ती तळहात कापून रक्त निर्भयांच्या गटाच्या निखाऱ्यांवर सांडते, त्यांच्यात जाते, ट्रिस हे नाव घेते. इथे ती स्वतःला सापडली, असं तुझं म्हणणं. मला ती सापडते त्याच्या पुढे. चाकूफेकीच्या वेळी घाबरलेल्या अ‍ॅलच्या, तिच्यासोबत शिकणाऱ्या मुलाच्या, जागी ती लक्ष्य म्हणून उभी राहते, कानाला चाकू चाटून जातो तरी हलत नाही. हे धाडस निर्भयांनी तिला दिलेलं नाही. दुसऱ्यासाठी पुढे होणं ती घरातूनच घेऊन आली होती. जे घर तिला नकोसं झालं होतं, तेच.

तिची आईही पूर्वी निर्भयांतलीच होती, हे तिला फार उशिरा कळतं. त्या बाईला लपवणं भाग होतं. मला नाही. तुझ्या वयात मी काय होते, कुणासारखी व्हायला बघत होते, काय सोडून दिलं, हे तू खुशाल विचार. सगळं सांगेन.

आणि तिच्या भावाबद्दल, केलेबबद्दल, तू काहीच बोलली नाहीस. घर सोडून तो विद्वानांच्या गटात गेला, याचा तुला राग आला का? त्या पानावर तरी मला नाही आला.

तुझी,
आई