ख्रिस्ती परंपरेतले अद्वैत

‘ख्रिस्ती धर्मात अद्वैताला जागाच नाही’ हे रविवार पुरवणीतील लेखाचे विधान सरसकट वाटले. ज्या डोळ्याने मी देवाला पाहतो त्याच डोळ्याने देव मला पाहतो, असे जर्मन धर्मोपदेशक माइस्टर एकहार्ट यांनी प्रवचनात सांगितले होते. १३२९ मध्ये पोप बाविसावे जॉन यांनी त्यांची २८ विधाने आक्षेपार्ह ठरवली, हे खरे. (लेखकाला हा दाखला आपल्या बाजूने वापरता आला असता!) पण एकहार्ट कोणी उपरे नव्हते, डोमिनिकन या कॅथलिक संन्यासी संघाचे, पॅरिस विद्यापीठात शिकवलेले. आणि ‘यापुढे मी जगतो असे नाही, तर ख्रिस्त माझ्या ठायी जगतो’ हे ख्रिस्ताचा प्रेषित पौल याचे वचन तर बायबलमध्येच आहे. तिथे ‘मी’ किती उरतो?

– एक वाचक, वसई