खाडीवरून उडी

प्रिय सुध्या,

तुझं भाषांतर वाचलं. छान उतरलंय, पण चौथ्या पानावर अडखळलो. डोंगरातला तो अमेरिकन पोरगा उडी मारून 'खाडी' ओलांडतो! अरे, ठाण्याची खाडी डोळ्यांसमोर आण आणि मार उडी. मूळ इंग्रजीत 'क्रीक' असणार. इंग्रजांच्या तोंडी 'क्रीक' म्हणजे भरतीचं पाणी आत शिरतं ती जागा. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात तोच शब्द साध्या ओढ्याला लावतात.

फोनवर म्हणालास, "बरं, नाला करतो." तेही नको.

परवा पावसाची सर येऊन गेल्यावर उतारावर बसलो होतो. वीतभर रुंदीचा ओहोळ, पाणी चहाच्या रंगाचं. खड्यापाशी दोन वाटा व्हायच्या, पुढे परत एक. तासाभरात पाणी गेलं, मातीत ओघळ तेवढी राहिली. ओहोळाचं असंच, पावसाबरोबर आला नि गेला. ओढ्याला स्वतःचं पात्र असतं, काठ असतात. उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा पडला तरी तो ओढाच. झरा जमिनीतून फुटतो. पाट माणसानं काढलेला, त्याला पाणी सोडावं लागतं, पाळीवरून भांडणंही होतात. कोकणात ओढ्याला वहाळ म्हणतील, कुठे पऱ्ह्या. पण तुझ्या पोराला कशाला तिकडे न्यायचं!

नाला शब्दाचा तसा काही गुन्हा नाही. विदर्भात चांगल्या वाहत्या पाण्यालाही नालाच म्हणतात. पण शहरात त्याला वास चिकटलाय. एकदा नाला म्हटलं की पिशवी भिरकवायला हात कचरत नाही. मुंबईच्या मिठीचंच बघ. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठी घराघरांत शिरली, तेव्हा कित्येकांना कळलं की ही नदी आहे. पुण्याच्या आंबील ओढ्यानं नावात 'ओढा' टिकवला, पण पात्र आवळलं गेलंच. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्यानं काठच्या सोसायट्यांच्या भिंती पाडल्या, माणसंही गेली. असो, मी वाहवत चाललो.

तर ओढा कर. आणि सहाव्या पानावर पोरगा ओंजळीनं पाणी पितो, तिथे तू 'प्रवाह' लिहिलंयस. प्रवाह कोण पितं रे? मूळ वाक्य पाठव, झरा बसतो का बघू.

तुझा,
बाळ्या