नव्या नोकरीत रुजू झालेल्या ग्रंथपाल मित्रास

पुणे,
रविवार

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. कॉलेजातली नोकरी सोडून पाणीपुरवठ्याचे प्रकल्प करणाऱ्या सल्लागार कंपनीत ग्रंथपाल म्हणून रुजू झालास, हे वाचून फार आनंद झाला. या वयात असा बदल करायला हिंमत लागते. तू लिहिलंयस की इथे पुस्तक मागायला कुणी येतच नाही, सगळे फोनवर 'अमुक शोधून दे' म्हणतात आणि दुपारपर्यंत हवं असतं. गुगल तर तेही उघडतात, मग मी वेगळं काय करायचं? प्रश्न अगदी रास्त आहे आणि फोनवर उरकण्यासारखा नाही, म्हणून निवांत लिहायला बसलो.

कॉलेजात दाखल नोंदवही, देवघेव, कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या समितीची तयारी यात वर्ष सरायचं. विशेष ग्रंथालयात, म्हणजे तुझ्यासारख्या एखाद्या कंपनीच्या वा संस्थेच्या स्वतःच्या ग्रंथालयात, माणूस येतो तो एखाद्या निर्णयाच्या तोंडावर. तू दिलेला आकडा उद्या प्रकल्प अहवालात जातो, परवा निविदेत, आणि मग त्यावर कोट्यवधींचे पाइप घेतले जातात. म्हणून कागद सापडला एवढ्यावर आपलं काम संपत नाही. तो कुणी काढला, कधी काढला आणि आजच्या घडीला तो लागू आहे का, हे आपण छातीठोकपणे सांगायचं. गुगल ती जबाबदारी घेत नाही, आपण घेतो.

तुझ्याच क्षेत्रातलं उदाहरण घे. एखादा तरुण अभियंता म्हणेल, "दरडोई किती पाणी धरायचं, त्याचा आधार द्या." यावर आधी उलट विचारायचं: गाव की शहर? भुयारी गटार आहे का? कशासाठी हवंय आणि कधीपर्यंत? जल जीवन मिशनच्या गावासाठी माणशी रोज ५५ लिटर. नळाचं पाणी आणि भुयारी गटार दोन्ही असलेल्या शहरासाठी १३५ लिटर. हा १३५चा आकडा सीपीएचईईओच्या, म्हणजे पाणीपुरवठ्याचे तांत्रिक निकष ठरवणाऱ्या केंद्रीय संघटनेच्या, १९९९च्या मॅन्युअलमध्ये आहे, आणि ते मॅन्युअल इतक्या ठिकाणी चढवलेलं आहे की काहीही शोधलं तरी तेच वर येतं. पण मार्च २०२४मध्ये केंद्राच्या गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाने त्याची सुधारित आवृत्ती काढली आहे, तीही तीन भागांत आणि थोड्या वेगळ्या नावाने. जुन्याच नावाने शोधणाऱ्याला ती सहजी दिसत नाही. एखाद्याने भरवशाने १९९९चं पान जोडलं आणि तपासणाऱ्याने २०२४चं पुढे केलं, तर अख्खा अहवाल परत येतो. पिण्याच्या पाण्याच्या मानकाचंही असंच. आयएस १०५०० म्हटलं की २०१२ची आवृत्ती लगेच मिळते, पण तिच्यावर नंतर दुरुस्त्या निघाल्या आहेत. त्या दुरुस्त्यांची पानं जोडल्याशिवाय ते मानक कुणाच्या हातात देऊ नकोस. भारतीय मानक ब्युरोच्या संकेतस्थळावर नाव नोंदवलं की मानकं फुकट उतरवता येतात, त्यामुळे इकडून तिकडून मिळालेली जुनी स्कॅन वापरायचं कारण उरलेलं नाही.

आता शोधण्याबद्दल. माझी एकच पद्धत आहे. शोधपट्टीत काही टाकण्याआधी मी स्वतःला विचारतो, हा कागद कुणाच्या टेबलावरून निघाला असेल? मंत्रालयातल्या विभागाच्या, जिल्हा परिषदेच्या, न्यायालयाच्या की एखाद्या संशोधन संस्थेच्या? ते ठरलं की अर्धं काम झालं. मग 'साइट' हा शब्द इंग्रजी अक्षरांत, त्याला चिकटून कोलन आणि त्याला चिकटून त्या खात्याच्या संकेतस्थळाचा पत्ता, मध्ये जागा न सोडता टाकायचा, म्हणजे फक्त त्याच संकेतस्थळावरचे निकाल येतात. तसंच इंग्रजीत 'फाइलटाइप' कोलन 'पीडीएफ' लावलं की बातम्या आणि जाहिराती गळतात आणि अहवाल उरतात. नेमका शब्दसमूह हवा असेल तर अवतरणचिन्हात टाक. त्यानंतरही गुगल आपल्याच मनाने जवळचे शब्द घुसवायला लागलं, तर 'टूल्स'मध्ये 'व्हर्बेटिम' नावाचा पर्याय आहे, तो निवडला की टाकलेत तेच शब्द शोधले जातात. 'बिफोर' आणि 'आफ्टर' लावून तारखेची चाळणी लावता येते, पण तिच्यावर विसंबू नकोस. ती तारीख गुगलने पानावरून ताडलेली असते आणि सरकारी पीडीएफच्या बाबतीत ती पुष्कळदा चुकते. तारीख नेहमी कागदाच्या आत, सहीजवळ बघायची.

गेल्या दोन-तीन वर्षांत गुगल बरंच बदललंय, ते ठाऊक असू दे. साठवलेली जुनी प्रत दाखवणारा दुवा २०२४च्या सुरुवातीला काढून टाकला. मला त्याचं खरंच वाईट वाटलं, कारण बंद पडलेलं सरकारी पान त्यातून हमखास मिळायचं. आता त्यासाठी इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशिनकडे जावं लागतं. तिथे प्रत्येक सरकारी पान असेलच असं नाही. म्हणून महत्त्वाचा कागद मिळाला की त्याच क्षणी स्वतःकडे उतरवून घे, आणि फाइलच्या नावात खातं, तारीख आणि कुठून घेतला ते लिही. दुसरं असं, की मे २०२४पासून निकालांच्या वर 'वेब' नावाची चाळणी आलीय. ती निवडली की एआयचं उत्तर, व्हिडिओ वगैरे बाजूला होतात आणि नुसते दुवे दिसतात. मी दिवसभर तीच लावून ठेवतो.

महाराष्ट्रात काम करायचं म्हणजे शासन निर्णयांशी (जीआर) रोज गाठ, त्यामुळे त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. कुठलाही अलीकडचा जीआर उघड. शेवटी ते ठरलेलं वाक्य असतं, की सदर शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून त्याचा संकेतांक अमुक आहे. तो लांबलचक आकडा सोन्यासारखा जप. त्याची सुरुवात वर्ष, महिना, तारीख अशी असते, आणि तो टाकला की नेमका तोच कागद मिळतो. कुणालाही जीआर पाठवताना विषयासोबत संकेतांक लिहायचाच. दुसरी गंमत वरच्या बाजूला असते. 'वाचा' किंवा 'संदर्भ' म्हणून आधीच्या निर्णयांची जी यादी असते ना, ती लोक सोडून देतात. तिच्यावरून एकेक पाऊल मागे जात योजनेच्या मूळ निर्णयापर्यंत पोचता येतं. पुढे जायचं असेल तर उलटं करायचं: हातातल्या जीआरचा क्रमांक आणि तारीख शोधायची, म्हणजे त्याला 'वाचा'मध्ये घेणारे नंतरचे निर्णय सापडतात. त्यातच कुठे शुद्धिपत्रक असतं, कुठे 'अधिक्रमित करण्यात येत आहे' असं वाक्य असतं. ते वाक्य सापडलं की हातातला कागद रद्द. हे तपासल्याशिवाय मी कुणालाही जीआर देत नाही.

आणि शब्द. एकाच गोष्टीला सरकारी कागदात 'नळ पाणीपुरवठा', 'नळपाणी पुरवठा', 'नळ पाणी पुरवठा' असं तीन तऱ्हांनी लिहिलेलं आढळतं. तिन्ही टाकून बघावं लागतं. आपल्या विभक्तीमुळे 'पाणी'चं 'पाण्याच्या' होतं, 'विहीर'चं 'विहिरींच्या' होतं, आणि यंत्राला ते दर वेळी कळेलच असं नाही. म्हणून सामान्यरूपही वेगळं शोधायचं. जुना मजकूर हवा असेल तर 'गांव', 'कांहीं' असं अनुस्वारासकट शोध, कारण १९६२च्या लेखननियमांनंतर ते अनुस्वार गेले, पण त्याआधीच्या छापील पानांवर ते आहेतच. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या पीडीएफ तर वेगळंच दुखणं. त्या युनिकोडमध्ये नसतात, त्यामुळे डोळ्यांना शुद्ध मराठी दिसते आणि गुगलला निव्वळ अक्षरांचा चिवडा. असा कागद शोधपट्टीतून सहसा मिळत नाही. अशा वेळी शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर विभाग आणि कालावधी निवडून याद्या एकेक करून वाचायच्या, त्याला पर्याय नाही.

जागांच्या नावांचंही तसंच. खडकवासल्याच्या जुन्या कामाची माहिती हवी असेल तर 'लेक फाइफ' शोध, पुण्यासाठी 'पूना' आणि खडकीसाठी 'किर्की'. १८८५च्या मुंबई इलाख्याच्या पुणे गॅझेटियरमध्ये तीच नावं आहेत आणि ते इंटरनेट आर्काइव्हवर मजकुरात शोधता येतं.

आपल्या भाषेतला जुना कागद वेळेवर सापडणं किती मोलाचं असतं, याचा विषय निघाला की मला हळदीचं प्रकरण आठवतं. जखम भरून यायला हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५मध्ये दिलं गेलं होतं.  सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिलं, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे महासंचालक होते. आपल्या आज्या वर्षानुवर्षं हळद लावतात, हे तिथे सांगून भागणार नव्हतं, छापील पुरावा हवा होता. संस्कृत, उर्दू, हिंदीतले जुने ग्रंथ आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३चा लेख, असे बत्तीस संदर्भ जमवले गेले, आणि १९९७मध्ये ते पेटंट रद्द झालं. पुढे २००१मध्ये पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय उभारायला घेतलं ते याच अनुभवातून. आपला पेशा कशासाठी आहे असं कुणी विचारलं तर मी हीच हकिगत सांगतो.

एआयबद्दल तू काळजीने लिहिलंयस. मी ते वापरतो. अनोळखी विषयाचे इंग्रजी पारिभाषिक शब्द जमवायला आणि शोधाची दिशा ठरवायला त्याचा छान उपयोग होतो. पण त्याने दिलेला संदर्भ स्वतः उघडून पाहिल्याशिवाय पुढे पाठवायचा नाही, यात तडजोड करू नकोस. न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात २०२३मध्ये माटा विरुद्ध एव्हियांका या खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल सादर केले आणि न्यायाधीशांनी पाच हजार डॉलर दंड केला. शोधनिबंधाचा डीओआय, म्हणजे त्याचा कायमचा ओळख क्रमांक, त्या क्रमांकांची नोंद ठेवणाऱ्या क्रॉसरेफवर टाकून बघायला मिनिट लागत नाही. मागे घेतल्या गेलेल्या निबंधांची रिट्रॅक्शन वॉचची यादीही २०२३पासून क्रॉसरेफने सर्वांना खुली केली आहे, तीही बघत जा.

पेशातल्या बातम्या थोडक्यात सांगतो. अमेरिकेतली स्पेशल लायब्ररीज असोसिएशन, जॉन कॉटन डेना यांनी १९०९मध्ये सुरू केलेली, तिने २०२५मध्ये विसर्जनाचा निर्णय जाहीर केला. इतकी जुनी संस्था जाणं मनाला लागतं. आपल्याकडची आयएएसएलआयसी ही विशेष ग्रंथालयांची संघटना मात्र १९५५पासून कोलकात्यात काम करतेय, तिचा सभासद हो. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना जानेवारी २०२५पासून सुरू झालीय. तीस प्रकाशक, जवळपास तेरा हजार नियतकालिकं, तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी. पण ती सरकारी शिक्षण आणि संशोधन संस्थांसाठी आहे, तुझ्या कंपनीला तिचा लाभ नाही. तुला अनपेवॉल या निबंधांच्या मोफत प्रती शोधून देणाऱ्या सेवेवरून खुली प्रत शोधावी लागेल, नाहीतर सरळ लेखकाला नम्रपणे ईमेल करायची. लेखक बहुतेक वेळा आनंदाने प्रत पाठवतात. डेलनेट या ग्रंथालयांच्या जाळ्याचं सभासदत्व घ्यायला साहेबांना तयार कर, आंतरग्रंथालयीन देवघेवीसाठी ते लागेलच. यूजीसीने दर्जेदार नियतकालिकांची केअर यादी फेब्रुवारी २०२५मध्ये बंद केली, म्हणजे नियतकालिकाचा दर्जा आता आपला आपणच जोखायचा.

शेवटची गोष्ट मी स्वतः सर्वांत मनापासून करतो. विचारण्याची वाट बघू नकोस. प्रत्येक अभियंता सध्या कशावर काम करतोय ते टिपून ठेव, त्या विषयांचे गुगल अ‍ॅलर्ट आणि गुगल स्कॉलरचे अ‍ॅलर्ट स्वतःच्या ईमेलवर लाव, पाणीपुरवठा व स्वच्छता विभागाचे नवे जीआर रोज सकाळी चाळ, आणि सोमवारी प्रत्येकाला त्याच्यापुरत्या चार ओळी पाठव. कागदाचं नाव, तारीख, आणि 'तुमच्या अमुक योजनेच्या तमुक परिच्छेदावर याचा परिणाम होईल' असं एक वाक्य. सगळ्यांना एकच लांब यादी पाठवलीस तर कुणी उघडणार नाही. आयबीएममध्ये हान्स पीटर लून यांनी १९५८मध्ये ही कल्पना मांडली, तेव्हा संगणक खोलीएवढे होते. आज तुझ्या टेबलावर सगळं आहे, फक्त माणसं ओळखून पाठवणारा हवा, आणि माणसं ओळखण्यात तू माझ्यापेक्षा कायम पुढे होतास.

मी वापरतो त्या सरकारी संकेतस्थळांची यादी आणि पाणीपुरवठ्याच्या जीआरचे संकेतांक नोंदवलेली एक्सेल वेगळ्या ईमेलने पाठवतोय. तुझ्या कामाचं काही सापडलं तर त्यात भर घाल आणि मलाही धाड. अडलास की प्रश्न जसाच्या तसा, अभियंत्याच्या शब्दांत लिहून पाठव. ते शब्दच पुष्कळदा वाट दाखवतात. दिवाळीत साताऱ्याला येतोय, तेव्हा तुझं नवं ऑफिस बघायचंच आहे.

काकूंच्या गुडघ्याचं कसं आहे ते कळव. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनायक